‘कळवलंत तर’ आणि ‘कळवलं असतंत तर’: इंदूरच्या एका निर्यात-पत्रव्यवहाराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही गोष्ट एका मुलीच्या इंग्रजी मेलमधल्या अटीच्या, म्हणजे ‘इफ’च्या, वाक्यांची. मुलगी इंदूरचीच. घरात मराठी, शाळा हिंदी माध्यमाची, कॉलेजात पुस्तकं इंग्रजी आणि वर्गातलं बोलणं हिंदी. बी.कॉम. झाल्यावर ती शेव, नमकीन आणि मसाले परदेशी पाठवणाऱ्या एका लहान कंपनीत निर्यातीचं काम बघायला लागली. तिची, कंपनीची किंवा ग्राहकाची ओळख पटेल असं काही इथे दिलेलं नाही. तिची वाक्यं मात्र तिला विचारूनच घेतली आहेत. ती आमच्या गल्लीतली, म्हणून मला काकू म्हणते. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे हे तिला लहानपणापासून माहीत.

इंदूरच्या मराठी मुलांचं इंग्रजी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. पुण्यातल्या मुलाच्या इंग्रजीमागे मराठी उभी असते, भोपाळच्या मुलामागे हिंदी. आमच्या मुलांच्या मागे दोन्ही असतात, आणि कुठल्या वाक्यात कोणती भाषा बोलते आहे हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. या प्रकरणात नेमकं तेच घडलं.

तिचं रोजचं काम म्हणजे ग्राहकाकडून लेबल मंजूर करून घेणं, कंटेनरची जागा धरून ठेवणं, कागदपत्रं पुढे पाठवणं. माल पीथमपूरच्या आयसीडीतून, म्हणजे बंदरापासून दूर असलेल्या कंटेनर डेपोतून, मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जातो आणि तिथून जहाजावर चढतो. या वेळचा ग्राहक ब्रिटनमधला होता. तिथल्या नियमानुसार पाकिटावरच्या घटकांच्या यादीत 14 ठरावीक ॲलर्जीकारक पदार्थ ठळक करून दाखवावे लागतात. शेंगदाणा, तीळ आणि मोहरी तिन्ही त्यात येतात. नमकीनच्या पाकिटात यातलं काही ना काही असतंच. त्यामुळे ग्राहकाने लेबल पाहून होकार दिल्याशिवाय माल भरायचा नाही, असं कंपनीत ठरलेलं होतं. म्हणजे तिच्या जवळजवळ प्रत्येक मेलमध्ये अट असायचीच: हे झालं तर ते होईल.

अडचण

तिला लिहायचं होतं: ‘तुम्ही शुक्रवारपर्यंत लेबल मंजूर असल्याचं कळवलंत तर आम्ही सोमवारी कंटेनर भरू.’ तिने लिहिलं:

‘इफ यू कन्फर्म्ड द लेबल बाय फ्रायडे, वी वुड लोड द कंटेनर ऑन मंडे.’

व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात चूक सापडत नाही, आणि म्हणूनच ते घातक ठरलं. इंग्रजी कानाला याचा अर्थ असा लागतो: समजा, तुम्ही कळवलंत, असं काही होईलसं वाटत नाही, पण झालंच, तर आम्ही भरूही. ग्राहकाला वाटलं, सोमवारची जागा अजून नक्की झालेली नाही, कंपनी नुसता अंदाज घेते आहे. त्याने घाई केली नाही. शुक्रवार गेला, धरून ठेवलेली जागा सुटली. मंगळवारी त्याचा शांत मेल आला: पक्की तारीख ठरली की कळवा, लेबलला आमचा होकार तयारच आहे.

साहेब चिडले. तिने घाईघाईने उत्तर पाठवलं, या वेळी साहेबांनी हिंदीत सांगितलेलं वाक्य डोक्यात ठेवून. साहेब म्हणाले होते, ‘अगर आप शुक्रवार को कन्फर्म करते, तो हम मंडे को लोड कर देते.’ तिने लिहिलं:

‘इफ यू वुड हॅव कन्फर्म्ड ऑन फ्रायडे, वी वुड लोड ऑन मंडे.’

पहिला भाग गेलेल्या शुक्रवारचा, दुसरा भाग कुठल्या सोमवारचा हे स्पष्टच नाही. ग्राहकाने ‘वुड लोड ऑन मंडे’ येत्या सोमवारचं धरलं आणि लेबल मंजूर करून ‘ठीक, सोमवारी भरा’ असं कळवलं. येत्या सोमवारी जागाच नव्हती. आता दोन्हीकडून शब्दाला शब्द लागायला लागला आणि मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. ‘काकू, मी दोन्ही वाक्यं मशीनकडून तपासून घेतली होती,’ ती म्हणाली. तिचं खरं होतं. तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने पहिल्या वाक्याला हातही लावला नव्हता. लिहिणारीच्या मनात सोमवारची जागा पक्की आहे की नाही, हे त्याला कळणार कुठून?

मुळाशी काय होतं

पहिल्या वाक्याची मराठी पुन्हा बघा. ‘कळवलंत तर.’ क्रियापदाचं रूप भूतकाळी, अर्थ भविष्याचा, आणि अट पूर्ण शक्य कोटीतली. ‘पाऊस पडला तर सहल रद्द’, ‘वेळ मिळाला तर येईन’, ‘पैसे आले तर देईन’: मराठीत शक्य असलेली, पुढची अट आपण सहज या रूपात सांगतो. ‘पडला’ म्हणजे पडून गेला, असं कुणाच्या मनातही येत नाही.

इंग्रजीत अटीच्या वाक्यातलं भूतकाळी रूप वेगळं काम करतं. अट पुढची किंवा आत्ताची असेल, तर ते रूप काळ दाखवत नाही, अंतर दाखवतं. ‘इफ यू कन्फर्म’ म्हणजे हे होऊ शकतं. ‘इफ यू कन्फर्म्ड’ म्हणजे हे होणं लांबची गोष्ट आहे, नुसती कल्पना. तिच्या मराठीने जे रूप खात्रीच्या व्यवहारासाठी वापरलं, त्याच रूपाने इंग्रजीत तो व्यवहार शंकास्पद करून टाकला. शाळेत ‘इफ’च्या वाक्यांचे तक्ते पाठ करून घेतात, पण मराठी मुलांना ही गोष्ट कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तक्त्यातल्या ‘पास्ट टेन्स’ या नावामुळे गोंधळ आणखी वाढतो.

दुसऱ्या वाक्यात हिंदी होती. ‘कर देते’ हे रूप गेलेल्या संधीबद्दलही चालतं आणि आत्ताच्या कल्पनेबद्दलही. कुठली ते संदर्भावरून समजतं. मराठीचं ‘असतं’ही तसंच. ‘माझ्याकडे गाडी असती तर तुला सोडलं असतं’ हे मी आत्ता दारात उभी राहून म्हणू शकते आणि कालच्या प्रसंगाबद्दलही. मराठी व्याकरणात संकेतार्थ म्हणून जो भाग आपण शिकतो, त्यात ही दोन्ही एकाच रूपात सामावतात. इंग्रजी मात्र निवड करायला लावते. आत्ताचं असेल तर ‘इफ आय हॅड अ कार, आय वुड ड्रॉप यू.’ कालचं असेल तर ‘इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव ड्रॉप्ड यू.’ दोन्ही भागांत एकेक पायरी मागे जावं लागतं. तिने अटीच्या भागात ‘वुड हॅव’ घातलं, जे तिथे लिखाणात चालत नाही, आणि निकालाच्या भागात जिथे ते हवं होतं तिथून काढून टाकलं.

तिसरं एक कारण मला तिचे जुने मेल वाचताना सापडलं. तिच्या जवळपास प्रत्येक मेलचा शेवट ‘वी वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड कन्फर्म’ असा होता. हे वाक्य उत्तम आहे. इथे ‘वुड’ आणि ‘कुड’ नम्रतेसाठी येतात. अंतर आहे, पण ते अदबीचं. तिने त्यावरून अंदाज बांधला की ‘वुड’ म्हणजे सभ्य आणि ‘विल’ म्हणजे उद्धट, आणि मग वचन देतानाही ‘वुड’ लिहू लागली. विनंतीत ‘वुड’ शोभतं. वचनात ते वचन पातळ करतं.

पर्याय

पहिला पर्याय साहेबांचा होता: चार-पाच ठरीव मेल तयार करून द्या, ती तेच चिकटवेल. दोन-चार आठवडे यावर निभावलं असतं, पण परिस्थिती जरा बदलली की मुलगी पुन्हा अडणार.

दुसरा पर्याय तिचा: शाळेतला तक्ता नव्याने पाठ करणं. ‘इफ’च्या वाक्यांचे झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे प्रकार. तिला तो अजूनही बऱ्यापैकी पाठ होता. पण मेल लिहिताना ‘हे वाक्य कितवं?’ हे ठरवायचं कसं, याचं उत्तर तक्त्यात नसतं. तक्ता रूपं देतो, निवड देत नाही.

तिसरा पर्याय होता अटी लिहायच्याच नाहीत, फोनवर बोलायचं. साहेबांना तो आवडला. मी विरोध केला. फोनवर ठरलेलं पुन्हा मेलवर लिहावंच लागतं, आणि भांडण झालं की मेलच पुढे येतो.

चौथा पर्याय मी मांडला: वाक्य इंग्रजीत लिहिण्याआधी स्वतःला मराठीत दोन प्रश्न विचारायचे. एक, ही अट अजून उघडी आहे (होऊ शकते), दूरची आहे (नुसती कल्पना), की बंद झाली (वेळ निघून गेली)? दोन, अट कधीची आणि परिणाम कधीचा? रूप त्यानंतर.

शेवटी पहिला आणि चौथा असे दोन्ही घेतले. तातडीच्या मेलसाठी ठरीव वाक्यं, आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर दोन प्रश्नांचा सराव. ठरीव वाक्यांना माझा तत्त्वतः विरोध असतो. पण माल अडकलेला, साहेब तापलेले आणि मुलीचा धीर सुटलेला असताना तत्त्व बाजूला ठेवणंच बरोबर होतं.

काय केलं

सगळ्यात आधी ग्राहकाला जायचा मेल. यात एक निर्णयाची जागा होती: आधीच्या वाक्यांचा खुलासा करायचा का? साहेबांचं मत होतं, करू नका, कमीपणा येतो. माझं मत होतं, खुलासा करा, पण व्याकरणाचा नको, वस्तुस्थितीचा. दोन ओळी पुरल्या: गेल्या सोमवारची जागा पक्की होती, लेबलची मंजुरी न आल्याने ती सोडावी लागली, येत्या सोमवारी जागा नाही. यात एकही ‘इफ’ नाही. त्यानंतर नवी तारीख आणि एकच अट:

‘इफ वी रिसीव युअर कन्फर्मेशन बाय वेनस्डे, वी विल लोड ऑन फ्रायडे.’

अटीत वर्तमानकाळ, निकालात ‘विल’. अट उघडी, वचन पक्कं. साहेबांनी मसुदा वाचून ‘इफ वी विल रिसीव’ अशी दुरुस्ती सुचवली, कारण ‘मिळेल तर’. हिंदीत ‘मिलेगा तो’ अगदी स्वाभाविक आहे, आणि इंदूरच्या मराठीतही ‘येईल तर’ कानावर पडतंच. ती दुरुस्ती मुलीने स्वतः नाकारली. साहेबांना तिने सांगितलं, ‘सर, भविष्य एकदाच सांगायचं, निकालात. अटीत परत नको.’ हे ऐकून मला मनापासून आनंद झाला.

मग सराव. मी तिच्याच कामातली वाक्यं घेतली, पुस्तकातली नाहीत. उघडी अट तिला लवकर जमली, कारण चुकीचं मूळ कळल्यावर ती सावध झाली होती. ‘कळवलंत’ मनात आलं की ती थांबायची आणि ‘कन्फर्म’ लिहायची. दूरच्या अटीसाठी तिच्या कामात जागा कमी होती. ‘आमच्याकडे मोठं गोदाम असतं तर आम्ही माल आधीच भरून ठेवला असता’ हे तिला सापडलेलं उदाहरण. गोदाम आत्ताही नाही, आणि बोलणं आत्ताच्या सवयीबद्दल, म्हणून ‘इफ वी हॅड अ बिगर वेअरहाउस, वी वुड स्टोअर द गुड्स इन ॲडव्हान्स.’ ‘इफ आय वेअर यू’मधलं ‘वेअर’ तिने विचारलं. औपचारिक लिखाणात सगळ्यांसाठी ‘वेअर’ लिही, बोलताना ‘वॉज’ ऐकलंस तरी दचकू नको, इतकंच सांगून पुढे गेलो.

खरा वेळ लागला तो बंद झालेल्या अटीला. तिथे आम्ही तिच्या दुसऱ्या मेलचीच दुरुस्ती केली: ‘इफ यू हॅड कन्फर्म्ड ऑन फ्रायडे, वी वुड हॅव लोडेड ऑन मंडे.’ आता सोमवार कुठला याबद्दल शंका उरत नाही. ‘वुड हॅव लोडेड’ म्हटलं की तो गेलेलाच. मग तिने विचारलं, ‘काकू, पण अट कालची आणि परिणाम आजचा असेल तर?’ दुसरा प्रश्न आम्ही मुद्दाम दोन तुकड्यांत ठेवला होता तो यासाठीच. ‘लेबल शुक्रवारी मंजूर झालं असतं तर माल आत्ता जहाजावर असता.’ अट गेलेली, म्हणून ‘इफ द लेबल हॅड बीन अप्रूव्ह्ड ऑन फ्रायडे’. परिणाम आत्ताचा, म्हणून ‘द गुड्स वुड बी ऑन द शिप नाउ’. तक्त्यात या जोडीला ‘मिक्स्ड’ म्हणून शेवटी कोपऱ्यात टाकतात. तिला ती वेगळी शिकावीच लागली नाही.

निष्पत्ती

ग्राहकाने बुधवारच्या आत होकार दिला आणि कंटेनर ठरल्या शुक्रवारी भरला गेला. नव्या जहाजाचं भाडं जास्त पडलं. बोलणी होऊन तो फरक दोघांनी वाटून घेतला. ग्राहक टिकला. कंपनीने तिच्याकडून मेल लिहिण्याचं काम काढून घेतलं नाही, याचं श्रेय साहेबांनाही द्यायला हवं.

पण पुढच्या दिवसांत एक नवीनच चूक उगवली. ‘इफ’च्या मागे ‘विल’ नको हे तिने इतकं घट्ट धरलं की एका मेलमध्ये लिहिलं: ‘वी डू नॉट नो इफ द व्हेसल रीचेस ऑन मंडे.’ इथे ‘इफ’ अटीचा नाहीच. ‘जहाज सोमवारी पोचेल की नाही हे माहीत नाही’ यातला ‘की नाही’ आहे. तिथे ‘विल रीच’च हवं. ओळखायची खूण मी तिला सांगितली: ‘इफ’च्या जागी ‘वेदर’ (‘की नाही’ या अर्थाचं) बसत असेल तर ती अट नव्हे, भविष्य बिनधास्त लिही.

दुसरा अडथळा याहून नाजूक. ‘भूतकाळ म्हणजे दूरची अट’ असं पक्कं झाल्यामुळे ‘इफ यू सेंट द पेमेंट ऑन फ्रायडे, इट विल रीच अस बाय वेनस्डे’ हे वाक्य तिने चुकीचं ठरवलं. ते अगदी बरोबर आहे. पैसे शुक्रवारी पाठवले की नाही हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. पाठवले असतील तर पोचतील. अट उघडीच आहे, फक्त ती गेलेल्या दिवसाबद्दल आहे, म्हणून इथे भूतकाळ खरोखर भूतकाळच आहे. निकालातलं ‘विल’ बघ, ते सांगतं की कल्पना चाललेली नाही. खराब माल पोचल्यावर ती आता हेच रूप वापरते: ‘इफ द कार्टन्स अराइव्ह्ड डॅमेज्ड, प्लीज सेंड फोटोज.’

वेगळं काय करता येईल

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर पहिला मेल जायच्या आधीच एक गोष्ट शक्य होती. सोमवारची जागा पक्की आहे, हे स्वतंत्र वाक्यात लिहायचं आणि मग अट घालायची. ‘वी हॅव अ कन्फर्म्ड स्लॉट ऑन मंडे’ एवढं वर असतं, तर खालचं ‘वुड लोड’ ग्राहकाने चूक म्हणून सोडून दिलं असतं. व्यवहाराचा सगळा भार एका क्रियापदाच्या रूपावर टाकू नये, असं मी आता निर्यातीतल्या प्रत्येकाला सांगते.

शिकवण्याच्या बाजूने, अटीचे नसलेले ‘इफ’ मी यापुढे पहिल्याच बैठकीत बाजूला काढेन. नियम आधी आणि अपवाद मागून आला की मूल अपवादालाही नियम लावतं. तसंच अटीत ‘विल’ कधीच येत नाही असं म्हणणार नाही. ‘इफ यू विल वेट अ मोमेंट’ यात ‘विल’ म्हणजे तुमची तयारी असेल तर, आणि ते चालतं. नवख्याला मात्र ते दुसऱ्या महिन्यात दाखवावं, पहिल्या आठवड्यात नव्हे.

क्रमाबद्दल माझं मत या प्रकरणाने आणखी पक्कं केलं. इंदूर, उज्जैन, देवासकडच्या मराठी मुलांना आधी त्यांच्या स्वतःच्या दोन भाषांत अट कशी बांधली जाते ते बोलून दाखवायला लावावं: ‘आलास तर’, ‘आएगा तो’, ‘आला असतास तर’, आणि हिंदीतलं ‘आता तो’. चारही फळ्यावर लिहावीत, प्रत्येकापुढे उघडी, दूरची की बंद ते त्यांनीच ठरवावं. ‘आला असतास तर’ आणि ‘आता तो’ यांच्यापुढे मुलं दोन-दोन उत्तरं देतात आणि वाद घालतात. तो वाद चालू असतानाच इंग्रजीची दोन रूपं शेजारी लिहावीत.

ती मुलगी लिहिताना आता चुकत नाही. फोनवर घाईत ‘इफ यू विल सेंड’ अजून निघून जातं, आणि त्यावर आम्ही सध्या काम करत नाही, कारण समोरच्याला ते कळतं आणि त्याने माल अडत नाही. पुढचं काम आहे पैसे भरण्याच्या शर्ती: ‘अनलेस’, ‘प्रोव्हायडेड दॅट’, आणि औपचारिक करारात ‘इफ’ गाळून येणारी ‘शुड यू रिक्वायर’, ‘हॅड वी बीन इन्फॉर्म्ड’ अशी वाक्यं. ‘अनलेस’पासून सुरुवात केली आहे, कारण ‘पैसे आल्याशिवाय कागद सोडणार नाही’ हे तिला आठवड्यातून कितीदा तरी लिहावं लागतं, आणि तिथेही ‘अनलेस वी विल रिसीव’ लिहायचा मोह होतोच.